‘गेय’ ही शिवी कधी झाली?

पंक रॉक नावाचा गाण्याचा एक प्रकार आहे. इंग्लंड-अमेरिकेत 1970च्या दशकात तो पुढे आला. कर्कश गिटार, छोटी गाणी आणि बड्या कंपन्यांबद्दल राग. या पंथातल्या ‘ग्रीन डे’ या अमेरिकन बँडने मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला आणि 1994 साली त्यांचा ‘डूकी’ हा अल्बम प्रचंड खपला. पण बर्कलीतल्या ज्या छोट्या क्लबात ही मुलं वाढली, त्याने त्यांना दार बंद केलं. बड्या कंपनीचा बँड तिथे चालत नसे. जुने चाहते म्हणाले, हे विकले गेले. गाणी सगळ्यांच्या तोंडी बसली, आणि तोच गुन्हा ठरला.

मला यावरून आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले ना. घ. देशपांडे आठवतात. कुठे पंक रॉक आणि कुठे पैनगंगेकाठच्या मेहकरात वकिली करणारा कवी, असं तुम्ही म्हणाल. पण आरोपाची जात एकच आहे.

ना. घं.चा जन्म 1909 सालचा, शेंदुरजनचा. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी 1930च्या दशकाच्या सुरुवातीला तबकडीवर गायली आणि ती महाराष्ट्रभर गेली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना आजही या तबकडीचं नाव घेतात. आता गंमत पाहा. ‘शीळ’ हा संग्रह निघाला 1954 साली. म्हणजे हा कवी लोकांनी पुस्तकात वाचण्याआधी वीसेक वर्षं फोनोवर ऐकला होता. ज्या घरात कवितेचं पुस्तक कधी आलं नसतं, तिथे त्याची कविता पोचली. कवीचं नाव मात्र दर वेळी पोचलंच असं नाही. लोक म्हणायचे, जोशींचं गाणं.

त्या वीस वर्षांत वारं फिरलं होतं. आधी रविकिरण मंडळाचे कवी सभांमधून कविता गाऊन दाखवत, आणि अत्र्यांनी 1925 साली ‘झेंडूची फुले’मधून त्या मंडळींची यथेच्छ टर उडवली. पुढे 1947 साली मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ आल्या. कविता एकट्याने, डोळ्यांनी, थांबत थांबत वाचायची गोष्ट झाली. त्यानंतर समीक्षेत ‘गेय’ हा शब्द जरा नाक मुरडूनच येऊ लागला. ‘त्यांची कविता गेय आहे’ म्हटलं की पुढचं वाक्य ऐकण्याची गरज नसे. कवी वेगळा, गीतकार वेगळा, आणि गीतकाराची पंगत खालची. खुद्द मर्ढेकरांनी ओवी-अभंगाचे छंद किती वापरले, हे मात्र सोयीस्करपणे विसरलं गेलं. तुकोबा तर टाळ-मृदंगावरच आपल्यापर्यंत आले. तेव्हा गाता येणं हा उणेपणा कसा, हे मला कधी कळलेलं नाही.

मात्र टीकाकारांचं सगळंच चूक होतं, असंही मी म्हणणार नाही. जुन्या 78च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. कोणती कडवी घ्यायची, कोणती सोडायची, हे कवीच्या मनापेक्षा तबकडीवर ठरे. आणि गाण्यासाठी निवडली जाई ती हळवी, प्रीतीची, रानावनाची कविता. ना. घं.कडे तीही आहे आणि दुसरीही आहे. त्यांची ओसाड गढीवरची कविता वाचा. आमच्या भागातल्या पडक्या गढ्या ज्यांनी तिन्हीसांजेला पाहिल्या आहेत, त्यांच्या अंगावर काटा येईल. ही कविता ‘शीळ’सारखी घरोघरी गेली नाही. चालीमुळे कवितेचं नुकसान झालं असेल, तर ते इथे झालं. एका गाण्याने एवढी जागा अडवली की बाकीचा कवी त्याच्या आड गेला.

पण यात दोष गाण्याचा किती आणि आपला किती? ‘गेय’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी न गायलेल्या कविता उघडून पाहायला हव्या होत्या. ऐकणाऱ्यांनीही ‘शीळ’पुढे जायला हवं होतं. दोघेही त्याच एका तबकडीपाशी थांबले, एक नाक मुरडत, दुसरे मान डोलावत.

ना. घ. स्वतः मुंबई-पुण्याला जाऊन गाण्यांचा कारखाना काढून बसले नाहीत. मेहकरातच राहिले, वकिली केली, बेताचं लिहिलं. ‘अभिसार’ आलं 1963 साली, म्हणजे ‘शीळ’नंतर नऊ वर्षांनी. ‘खूणगाठी’ला तर आणखी वीसेक वर्षं लागली. याला बाजारात उतरणं म्हणायचं, तर बाजाराची व्याख्याच बदलावी लागेल. ‘खूणगाठी’ला 1986 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांचं वय सत्त्याहत्तर होतं. 2000 साली ते गेले. आजही त्यांची ओळख करून देताना आमच्याकडचे वक्ते पहिल्यांदा ‘शीळ’चंच नाव घेतात. ‘खूणगाठी’ उघडलेला माणूस सभेत सापडला, तर मी त्याच्याजवळ जाऊन बसतो.