कोल्हापुरी पायताण आणि कारागिराची उचल

(कोल्हापूर येथील शिवाजी पेठेतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी ‘प्राडा’ या धनिकांच्या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. त्यातील तरुणांच्या पायांत जी वहाण होती, ती शिवाजी पेठेतील शाळकरी पोरानेही लांबून ओळखली असती. कंपनीने मात्र कोल्हापूरचा नामनिर्देशही केला नव्हता. महाराष्ट्रात गहजब झाला. मग कंपनीने भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले, तिची माणसे जुलैत कोल्हापुरात येऊन गेली आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिने करार केला. सुमारे दोन हजार जोड भारतात तयार करवून घ्यावयाचे आणि सुमारे ८०० युरोंना एक जोड विकावयाचा, असे जाहीर झाले.

अस्मिता दुखावली, तिची भरपाई झाली. आता सारे आलबेल आहे, असे पुष्कळांना वाटते. परंतु प्रश्न तेथे संपत नाही, तेथे सुरू होतो. परक्या कंपनीने कोल्हापूरचे नाव घेतले नाही, याचा राग येणे रास्तच होय. पण कोल्हापुरातल्या दुकानात जोड विकत घेताना तो कोणी शिवला, हे गिऱ्हाईक कधी विचारते काय? पिशवीवर नाव असते ते दुकानाचे. शिवणाऱ्याचे नाव पुसून टाकण्याची रीत मिलानहून आलेली नाही. ती घरचीच आहे.

या पायताणाच्या घडणीकडे जरा पाहावे. कातडे कमावण्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. त्यात आठवडेच्या आठवडे जातात. पुढे रापीने तळ कापावयाचे, आरीने भोके पाडावयाची, कान आणि अंगठा बसवावयाचा, पट्ट्यावर वेणी घालावयाची आणि चामड्याच्याच वादीने सारे शिवून काढावयाचे. अस्सल जोडात खिळा नसतो. कापणे, ठोकणे बहुधा पुरुषांकडे. वेणी आणि नाजूक शिवण बहुधा बायकांकडे. त्या बाईच्या कामाची मजुरी वेगळी मोजली जात नाही. ती घरकामातच जमा धरली जाते. ढोर समाजाने कातडे कमवावे, चर्मकार समाजाने शिवावे आणि दोघांच्या वाट्याला गावकुसाजवळची वस्ती यावी, ही व्यवस्था शतकानुशतके चालत आली. बाराव्या शतकात कल्याण नगरीत बसवेश्वरांच्या अनुयायांमध्ये चर्मकार हरळय्या मानाने वावरले, असे परंपरा सांगते. समतेचा तो प्रयत्न मोडून काढला गेला; पायताण मात्र लोकांच्या पायांत राहिले.

आता या धंद्याचे अर्थकारण. रानटी पद्धतीने नव्हे, तर वनस्पतींच्या रसात कमावलेले हे चामडे पाण्याला टिकत नाही. म्हणून मृग लागला की गिऱ्हाईक आटते. कमावलेले कातडे वाळत नाही, तयार माल बुरसतो. पावसाळ्याचे हे चार महिने म्हणजे कारागिराच्या गळ्यातला फास. शाळेची फी, औषधपाणी, किराणा यांना पावसाळा ठाऊक नसतो. अशा वेळी व्यापारी उचल देतो, कधी रोख तर कधी चामड्याच्या रूपाने. दसरा-दिवाळीला बाजार उघडतो, तेव्हा तयार जोड त्याच व्यापाऱ्याला, त्याने ठरविलेल्या दराने घालावे लागतात. चप्पल खपत नाही ही कारागिराची अडचण नव्हे. चप्पल खपते, पण ती खपण्यापूर्वीच तिच्यावरचा त्याचा हक्क संपलेला असतो.

त्यात सरकारी धोरणांचीही भर पडली. २०१५ मध्ये राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. म्हशीच्या कातड्याला मनाई नसली, तरी कातड्याची वाहतूक करणारा धास्तावला. जानेवारी २०२२ पासून स्वस्त पादत्राणांवरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर नेण्यात आला. अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडांसाठी तो पुन्हा ५ टक्के होण्यास सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. दरम्यान रेक्झिनची नक्कल ‘कोल्हापुरी’ म्हणून देशभर विकली जातच होती.

यावर उतारा म्हणून भौगोलिक मानांकनाकडे बोट दाखविले जाते. २०१९ साली ते मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. सीमाप्रश्नावर दोन राज्ये भांडत असताना अथणीचा आणि कोल्हापूरचा कारागीर या एका कागदावर तरी एकत्र आले, ही समाधानाची गोष्ट. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, मजुरीचे नव्हे. शिवाय नोंदणीकृत मालक आहेत ती दोन सरकारी महामंडळे. प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली, ती याच मुद्द्यावर, की दाद मागणारे त्या नावाचे नोंदणीकृत मालक नव्हते.

मग मार्ग कोणता? सहकाराचा, असे उत्तर कोल्हापुरात तरी सहज सुचावे. वारणेचा साखर कारखाना, १९६३ पासूनचा ‘गोकुळ’ दूध संघ, १९३९ पासूनचा शेतकरी संघ ही याच मातीतली उदाहरणे. पण ऊस आणि दूध यांना जे साधले, ते चामड्याला का साधले नाही? उसामागे जमीन होती, जमिनीमागे बँकेचे कर्ज होते, कर्जामागे राजकीय वजन होते. चर्मकाराकडे रापी आणि आरी होती. ज्याच्यापाशी तारण ठेवावयास काही नाही, त्याच्या दारी सहकार पोहोचलाच नाही. सहकारी चळवळीच्या अभिमानाने सांगितल्या जाणाऱ्या इतिहासातील ही उणीव समाजवादी कार्यकर्त्याने तरी झाकू नये.

या बाबतीत शेजारच्या नेपाळकडे पाहण्यासारखे आहे. गांधीजींच्या आश्रमात राहून परतलेले तुलसी मेहर श्रेष्ठ यांनी तेथे चरख्याचे आणि निराधार स्त्रियांचे काम उभे केले. त्या कामातून १९८४ मध्ये ‘महागुठी’ ही हस्तकलांची विक्री करणारी संस्था निघाली. कारागिरांचा माल रास्त भावाने घ्यावयाचा आणि देशापरदेशांत विकावयाचा, हे तिचे काम. रास्त व्यापाराच्या जागतिक चळवळीने हस्तकलेच्या खरेदीसाठी एक नियम घालून घेतला आहे. कारागिराने मागितल्यास मागणीच्या किमान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावयाची. हा नियम दिसावयास साधा आहे, पण घाव घालतो तो नेमका उचलीच्या मुळावर. आगाऊ पैसा गिऱ्हाइकाकडून आला की सावकाराकडून घ्यावा लागत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील काम मोठ्या घोषणेचे नाही. पेठेतील तालमी, मंडळे, शिक्षकांच्या व कामगारांच्या संघटना यांनी ज्येष्ठ-आषाढातच आपापल्या सभासदांची जोडांची मागणी गोळा करावी, निम्मी रक्कम तेव्हाच जमा करावी आणि ती सुभाषनगरच्या वा कापशीच्या कारागिरांच्या गटाला थेट द्यावी. चामडे आधी घेऊन ठेवता आले, तर वेणी आणि शिवण पावसातही घरात बसून होऊ शकते. जोड दसऱ्याला घ्यावेत. वेणी घालणाऱ्या बाईची मजुरी वेगळी लिहावी आणि तिच्याच हाती पडावी. प्रत्येक जोडावर शिवणाऱ्याचे नाव असावे. महामंडळाकडे मागणी करावयाची ती अनुदानाची नव्हे. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येक कारागिराच्या नोंदणीची आणि करारातून येणाऱ्या पैशाचा हिशेब वस्तीत वाचून दाखविण्याची.

हे दयेपोटी करावयाचे काम नव्हे. दयेने घेतलेली वस्तू माणूस एकदाच घेतो. हस्तकला जगावी असे म्हणणाऱ्यांनी आधी हे पाहावे, की कारागिराच्या मुलाला बापाची आरी हाती धरावीशी वाटते की नाही. आज ती त्याला नकोशी वाटत असेल, तर दोष त्याचा नाही. ज्या दिवशी त्याच्या घरात आषाढातही व्यापाऱ्याची उचल नसेल, त्या दिवशी हा निर्णय तो मोकळ्या मनाने घेऊ शकेल. तो दिवस आणण्याची सुरुवात येत्या पावसाळ्यात, याच पेठेतून करता येण्याजोगी आहे.