फडावरच्या बाईचं आजारपण



साखर कारखानदार म्हणतात, 'ऊसतोड मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. टोळ्या या फडावरून त्या फडावर. आरोग्य शिबीर घ्यायचं कुठं?' अडचण खरी आहे. पण शिबीर कोपीपाशी आलं तरी बाई कोयता टाकून जाणार कशी? उचल नवरा-बायकोच्या जोडीवर घेतलेली, आणि एका दिवसाचा खाडा म्हणजे दंड. म्हणून दुखणं अंगावर काढायचं आणि शेवटी पिशवीच काढायची. २०१९ मध्ये सरकारी समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तेव्हा कारखान्यांकडे गोळ्यांच्या आधी मागू या : बाईच्या स्वतःच्या नावाचं ओळखपत्र, फडावर संडास-पाणी आणि आजारपणाची भरपगारी सुट्टी. त्याशिवाय शिबिरात बाई येणार नाही.