उतरणीचे बळ

तळा गावचा तळगड किल्ला चढताना दम लागतो आणि उतरताना मांड्या भरून येतात, हा फरक त्या वाटेने गेलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत देह वर उचलतो, तर उतरताना तोच स्नायू लांबत जाऊन देहाचा भार सावरतो. या दुसऱ्या क्रियेला व्यायामशास्त्रात ‘एक्सेंट्रिक’ म्हणतात, आणि तिला उतरणीचे काम म्हणणे सोपे ठरते.

उतरणीचे काम स्वस्त असते. 1952 साली ॲबट, बिगलंड आणि रिची या संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पॅडल पुढे मारायचे आणि दुसऱ्याने ते रोखून धरायचे, अशा त्या प्रयोगात रोखणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. शिवाय स्नायू जेवढे उचलू शकतो, त्याहून अधिक तो सावकाश खाली ठेवू शकतो, हे भाताचे पोते खांद्यावरून उतरवणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच 100 किलो उचलणाऱ्याने, दोन्ही बाजूंना साथीदार उभे करून, 110 किलो केवळ खाली आणावेत, ही अधिभाराच्या सरावाची कल्पना निघाली.

या सरावाने उतरवण्याची ताकद सर्वाधिक वाढते. उचलण्याची ताकदही वाढते, मात्र ती नेहमीच्या सरावापेक्षा दरवेळी अधिक वाढते असे नाही. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरचे भारोत्तोलनातील सुवर्ण अवघ्या 1 किलोने हुकले, यावरून एकेका किलोसाठी भारोत्तोलक नवे मार्ग का शोधतात ते कळावे. गंमत अशी की त्या खेळात पंचांचा इशारा झाल्यावर, खांद्याखाली आलेला बार सोडून देता येतो, त्यामुळे उतरणीची कसोटी तेथे जवळजवळ लागतच नाही.

व्यायामशाळेतील तरुण मात्र बैठक मारताना धपकन खाली बसतात आणि वर येण्याचीच मोजदाद करतात, हे बरे नव्हे. उतरणीचे काम स्वस्त असले तरी त्याची वसुली दुसऱ्या दिवशी स्नायूंच्या दुखण्यातून होते, म्हणून आरंभ हलक्या भाराने आणि थोड्या आवर्तनांनी करावा. उतरणीचे काम स्वस्त, पण वसुली उशिरा, हे विसरू नये.

वेग आणि झपाटा, म्हणजे ताकद थोडक्या वेळात प्रकट करण्याची क्षमता, यांविषयी एवढेच सांगता येते की त्यांवरील परिणाम संमिश्र आढळतो आणि सरावाचा थकवा उतरल्यावरच तो नीट दिसतो, तेव्हा कबड्डीच्या सामन्याच्या आदल्या आठवड्यात हा प्रयोग करू नये.