गोळीच्या आधी गुळणी

मी यावलचा दातांचा डॉक्टर. कार्यक्रमाला वेळ थोडा आहे, म्हणून मुद्द्याचं आधीच सांगतो: कॅन्सरची नवी गोळी सुरू होणार असेल, तर तोंडाची तयारी तिच्या आधी. तोंड आल्यावर नव्हे.

स्तनाच्या कॅन्सरवर एव्हरोलिमस नावाची गोळी देतात. ती पेशींच्या वाढीचा एक नेमका रस्ता अडवते. पण तोंडातली नाजूक कातडी भरून यायलाही तोच रस्ता लागतो. मग बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांतच जिभेच्या कडेला, ओठाच्या आत व्रण उठतात. ज्वारीच्या दाण्याएवढे, तळ पांढुरका, कड लालबुंद. दिसायला एवढासा, पण पाण्याचा घोट उतरू देत नाही. घरचे म्हणतात, उष्णता झाली. कसली उष्णता, दादा?

तुम्ही केळीवाले. बागेच्या कडेनं शेवरी कधी लावता? वादळात झाडं आडवी झाल्यावर? आधीच लावता ना! शिवाय ओळीत कुठं फट दिसली की तिथं पुन्हा बी टोकता, कारण वारा घुसतो तो फटीतूनच. व्रण टाळणाऱ्या गुळण्यांचंही तसंच. दुपारची चुकली, की फट पडली.

ही गुळणी डेक्सामेथासोनची, बिनअल्कोहोलची, डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्यायची. १० मिली औषध २ मिनिटं तोंडात खळखळवायचं, थुंकायचं, पुढं तासभर काही खायचं-प्यायचं नाही. दिवसातून ४ वेळा, ८ आठवडे. २०१७ साली या गुळणीवरचा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. बिनगुळणीच्या आधीच्या अभ्यासात तिघींमागे एकीला त्रासदायक व्रण आले होते. गुळणीच्या या अभ्यासात पहिल्या ८ आठवड्यांत शंभरात दोघी-तिघींनाच. मात्र गुळणी पहिल्या गोळीपासून, बरं का. पहिल्या!

गुळण्या चालू असताना तोंडात पांढरा थर दिसला तर बुरशी असू शकते, लगेच दाखवा.

व्रण आलेच, तर ठेचा आणि कढत शेवभाजी बंद. गार खिचडी, दहीभात खा. केळं चालतं, त्याचा आपल्याकडे तोटा नाही. झोंबणारं माउथवॉश नको. मशेरीवर बोलायला वेगळा कार्यक्रम लागेल. आणि गोळी परस्पर बंद करू नका. ‘टाटा हॉस्पिटलची पुढची तारीख आहेच’ म्हणून उपाशी काय बसता? फोन करा. चार दिवस गोळी थांबवायची की मात्रा कमी करायची, ते तिथले डॉक्टर ठरवतील.

स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण झाली. टोकदार दात आणि रुतणारी कवळी राहूनच गेली. ती गोळीच्या आधी दाखवा. आधी म्हणजे,