‘म्हणून’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

मराठीतला ‘म्हणून’ हा शब्द मोठा कष्टाळू आहे. ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ असं आपण म्हणतो आणि ‘तुम्हाला भेटावं म्हणून आलो’ असंही म्हणतो. पहिल्या वाक्यात कारण आहे, दुसऱ्यात हेतू. शब्द मात्र एकच. फरक कळतो तो क्रियापदावरून. ‘आला’ हे घडून गेलेलं, ‘भेटावं’ हे अजून घडायचं. इंग्रजीत क्रियापदाला असा ‘आवं’ जोडण्याची सोय नाही. तिथं जोडणारा शब्दच बदलावा लागतो. मागं बघायचं असेल तर ‘बिकॉज’, पुढं बघायचं असेल तर ‘सो दॅट’ किंवा नुसतं ‘टू’. पाचवीला इंग्रजीची ए-बी-सी-डी गिरवलेल्या आमच्या पिढीची गाडी नेमकी इथं अडते.

आमच्या गल्लीतली एक मुलगी गेल्या वर्षी नर्सिंगचा अर्ज घेऊन माझ्याकडं आली. बारावीनंतर कॉलेजात गेली होती, पण मध्येच शिक्षण सुटलं आणि दोन वर्षं घरी गेली. अर्जात त्याचं कारण इंग्रजीत विचारलं होतं. तिनं लिहिलं होतं, ‘आय लेफ्ट कॉलेज फॉर माय फादर्स इलनेस.’ मराठीत ‘वडिलांच्या आजारपणासाठी कॉलेज सोडलं’ असं कुणी म्हणालं तर आपण समजून घेतो. इंग्रजी वाचणारा मात्र अडखळतो, कारण तिथल्या ‘फॉर’ला पुढं बघायची सवय आहे. वडील आजारी पडावेत म्हणून कॉलेज सोडलं की काय, असं क्षणभर वाटून जातं. मी म्हटलं, ‘बेटा, ‘मुळे’ असेल तिथं ‘बिकॉज ऑफ’ लिही.’

तिनं ते खोडलं आणि खाली नवं वाक्य लिहिलं, ‘आय डिड नॉट लीव्ह कॉलेज बिकॉज आय वॉज वीक इन स्टडीज.’ तिला म्हणायचं होतं की कॉलेज सोडलं खरं, पण अभ्यासात कच्ची होते म्हणून नव्हे. वाचणारा असंही वाचू शकतो की ही अभ्यासात कच्ची होती, म्हणून हिनं कॉलेज सोडलंच नाही! गंमत म्हणजे ‘मी कच्ची होते म्हणून कॉलेज सोडलं नाही’ हे मराठी वाक्यही तितकंच दुतोंडी आहे. बोलताना आवाजाच्या चढउतारानं निभावून जातं, कागदाला आवाज नसतो. असा नकार आला की वाक्य सरळ दोन करावीत. सोडलं हे एकात, कशामुळे नाही हे दुसऱ्यात.

‘सिन्स’चंही असंच. हा शब्द मुळात काळाचा, ‘तेव्हापासून’ या अर्थाचा. त्याच्या मागोमाग कारणाचा अर्थ आला. ‘सिन्स माय फादर वॉज इल’ म्हणजे आजारी होते म्हणून, की आजारी पडल्यापासून? शंका आली की ‘बिकॉज’ बरा. तो जुन्या ‘बाय कॉज’ या दोन शब्दांचा जोड आहे, म्हणजे कारण त्याच्या पोटातच बसलेलं. ‘ड्यू टू’ कुठं चालतं आणि ‘ओइंग टू’ कुठं, यावर जुने मास्तर छडी उगारत. आता इंग्रजांनीच ते भांडण जवळपास सोडून दिलंय, आपण कशाला ओढून घ्यायचं?

शब्द असे घरं बदलतात. ‘सबब’ हा अरबी शब्द, अर्थ कारण. फारसीच्या बोटाला धरून तो मराठीत आला आणि घराघरांत बहाणा झाला. ‘सबबी सांगू नकोस’ असं आई पोराला म्हणते. पण कोर्टाच्या निकालात ‘सबब अर्ज मंजूर’ असं येतं, तिथं तो अजून ताठ उभा आहे. मला वाटतं, गरिबाच्या कारणाची सबब फार लवकर होते. अर्जातल्या त्या रकान्याची मुलीला भीती होती ती हीच.

म्हणून मी तिला आणखी एक वाक्य सुचवलं, ‘आय लेफ्ट कॉलेज टू लुक आफ्टर माय फादर.’ घटना तीच. ‘बिकॉज’नं लिहिलं तर आजारपण आलं आणि त्यानं मुलीला कॉलेजातून ओढून नेलं. ‘टू’नं लिहिलं तर मुलगी स्वतःच्या पायांनी घरी आली, वडिलांची सेवा करायला. दोन्ही खोटं नाही. कुठलं लिहायचं ते तिनं ठरवायचं होतं. ती बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत बसली आणि मग ‘टू’चं वाक्य तिनं उतरवून घेतलं.

पुढच्या रकान्यात प्रश्न होता, ‘व्हाय नर्सिंग?’ इथं मात्र इंग्रजी आपल्यापेक्षा भोंगळ. आपल्याकडं ‘कशामुळे’ आणि ‘कशासाठी’ असे दोन स्वच्छ प्रश्न आहेत, त्यांचा ‘व्हाय’ दोन्ही पोत्यात घालतो. आमच्या घरच्या दखनीतला ‘कायकू’ त्याचाच भाऊ. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘चाचा, अब्बूंना कुशीवर कसं वळवायचं ते मला एका सिस्टरनी शिकवलं, त्यामुळे. आणि आता घर चालवायचंय, त्यासाठी. दोन्ही लिहू का? ओळी तीनच दिल्यात.’