घराची किल्ली कोणाच्या हाती?

(कुटुंब प्रबोधनाच्या एका कार्यक्रमात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



२० ऑक्टोबर २०२५ हा दिवस आपल्याकडे नरकचतुर्दशीचा होता. अभ्यंगस्नान, फराळ आटोपून मंडळी जरा निवांत झाली असतील, त्या दुपारी सव्वाबाराच्या सुमारास अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया येथील अ‍ॅमेझॉनच्या संगणककेंद्रांत बिघाड झाला. बिघाड नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेतला, म्हणजे ऐकताना क्षुल्लकच वाटावा असा. परंतु त्यामुळे अनेकांच्या घरांतली अ‍ॅलेक्सा मुकी झाली, रिंग कंपनीच्या दारावरच्या घंटा आणि कॅमेरे अडखळले, इतकेच नव्हे तर तापमान आपोआप राखणाऱ्या महागड्या गाद्याही मालकाचे ऐकेनाशा झाल्या. घरात वीज होती, दिवा शाबूत होता, दिवा लावा म्हणणारा घरधनी समोर उभा होता. आज्ञा मात्र समुद्रापार जाऊन परत यायची होती, ती आली नाही.

मी अभियंता नाही. कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने पत्रकार आहे. तेव्हा आजच्या विषयाकडे, म्हणजे घरातील दिवे, पंखे, पाण्याची मोटर यांच्या स्वयंचलनाकडे, मी एका गृहस्थाच्या नजरेने पाहतो. गेली चार वर्षे माझ्या घरातील ही व्यवस्था घरातल्याच एका छोट्या संगणकावर चालते आणि तिची देखभाल मीच करतो. आपल्यापैकी कोणालाही हे जमेल, असे माझे मत झाले आहे. पण ते विनासायास जमेल, असे मी म्हणणार नाही.

आधी थोडा इतिहास पाहू. रिव्हॉल्व्ह नावाचे घर-नियंत्रणाचे उपकरण अमेरिकेत सुमारे तीनशे डॉलरला विकले जात असे. २०१४ मध्ये गूगलच्या मालकीच्या नेस्ट कंपनीने ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचा सर्व्हर बंद केला. ग्राहकांनी रोख पैसे मोजून घेतलेली उपकरणे एका दिवसात निकामी झाली. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेवाचून बंद पडले आणि तिचे अ‍ॅप निर्जीव झाले. पुढे तिच्या ग्राहकांपैकीच काहींनी एकत्र येऊन कंपनी विकत घेतली, म्हणून ती पुन्हा उभी राहिली. या दोन्ही प्रकरणांत कोणी चोरी केलेली नव्हती. व्यवहारच असा होता की वस्तू ग्राहकाची आणि तिचा प्राण विक्रेत्याचा.

जाता जाता एक गोष्ट. 'सर्व्हर' या शब्दाचा मूळ अर्थ सेवा करणारा, म्हणजे सेवक. दिनांक, महापौर असे शब्द मराठीला देणाऱ्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी या शब्दाला काय नाव दिले असते कोण जाणे. पण सेवक सातासमुद्रापार बसून धन्याला दिवा लावण्याची परवानगी देतो, हे पाहून त्यांनी चार खरमरीत वाक्ये नक्कीच ऐकवली असती.

दुसरा प्रश्न घराच्या चार भिंतींचा. २०२३ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने रिंग कंपनीवर कारवाई केली. ग्राहकांच्या घरातील खासगी चित्रणे कंपनीच्या कर्मचाऱ्यांना मोकळेपणाने पाहता येत होती आणि एका कर्मचाऱ्याने स्त्रियांच्या शयनगृहांतील, स्नानगृहांतील कॅमेऱ्यांची हजारो चित्रणे पाहिली, असा आयोगाचा आरोप होता. कंपनीने ५८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. त्याच सुमारास मुलांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे साठवून ठेवल्याच्या आरोपावरून अ‍ॅलेक्साच्या संदर्भात अ‍ॅमेझॉनने अडीच कोटी डॉलर भरले. आपल्या माजघरात परका माणूस डोकावला तर आपण त्याला उंबऱ्याबाहेर काढतो. परक्याचा कॅमेरा मात्र आपण हौसेने, तोही हप्त्याने घेतो!

येथे स्वदेशीचा मुद्दा येतो आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा आपण सर्वांनी तिचे स्वागत केले. परंतु भारतीय नावाच्या खोक्यातून घरी येणारे अनेक दिवे आणि प्लग आजही तुया या हांगझोऊच्या कंपनीच्या व्यवस्थेवर चालतात. भारतीय ग्राहकांसाठी तिचे संगणककेंद्र भारतात आहे, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. तरीही आपल्या बैठकीच्या खोलीतला दिवा आपल्या घराबाहेरच्या यंत्रावर अवलंबून राहतो, हे उरतेच.

यावर उपाय म्हणून मी जी प्रणाली वापरतो तिचे नाव होम असिस्टंट. ती २०१३ मध्ये पाउलस स्कूट्सेन या डच गृहस्थाने सुरू केली. जगभरातील असंख्य लोकांनी तिच्यात भर घातली आणि २०२४ पासून तिचे स्वामित्व ओपन होम फाउंडेशन या स्वित्झर्लंडमधील ना-नफा संस्थेकडे आहे. ती ज्या रास्पबेरी पाय संगणकावर चालते तो ब्रिटिश, आणि घरगुती उपकरणांत सर्रास आढळणारी ईएसपी३२ ही चिप शांघायच्या कंपनीची. मग यात स्वदेशी ते काय, असे कोणीही विचारील. दत्तोपंत ठेंगडींच्या पुढाकाराने १९९१ मध्ये स्वदेशी जागरण मंच उभा राहिला, तेव्हाही हा प्रश्न विचारला जात असे. माझ्या बुद्धीप्रमाणे उत्तर असे: या प्रणालीची संहिता खुली आहे, ती कोणालाही वाचता येते, बदलता येते. ती एकदा माझ्या घरात आली की कोणत्याही देशाच्या कंपनीला ती माझ्याकडून काढून घेता येत नाही. माझ्या घरातील निर्णय माझ्या घरात होतो. उद्या भारतीय चिप मिळू लागली की ती बसवू; तोवर निर्णयाचा अधिकार तरी गहाण टाकायला नको.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय घ्यावा, त्यावर प्रणाली बसवावी आणि तो राउटरला वायरनेच जोडावा. मग घरातील कोणत्याही संगणकावरून होमअसिस्टंट डॉट लोकल या पत्त्यावर, दार क्रमांक ८१२३ वर, ती उघडते. यंत्रणा सुरू करायला एक संध्याकाळ पुरते. खरा वेळ जातो तो उपकरणे निवडण्यात. दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: इंटरनेट बंद असताना हे चालेल का? त्याला ठाऊक नसेल तर घरी आणून ब्रॉडबँडची वायर राउटरमधून काढावी आणि दिवा लावून पाहावा.

विद्युतकामात मात्र हौस नको. मेन बंद करून, वायरमनकडूनच काम करून घ्यावे. पाश्चात्त्य पुस्तकांत बटनाच्या पेटीत न्यूट्रल नसण्याची मोठी चिंता आढळते. आपल्याकडे बोर्डावर बहुधा प्लगची जागा असते, त्यामुळे न्यूट्रल तिथे पोहोचलेली असते. जुन्या वाड्यांत सुटी बटने असतात, तिथे तपासून घ्यावे. पंख्याला नवे नियंत्रक बसवताना जुना रेग्युलेटर त्याच वायरीत तसाच ठेवू नये. दोघांचे जमत नाही.

अडचणी कोणत्या येतात, हे जरा विस्ताराने सांगतो, कारण लोक कंटाळून व्यवस्था सोडून देतात ते याच ठिकाणी.

आपल्याकडची पहिली अडचण म्हणजे वीज. रात्री गेलेली वीज पहाटे तीनला येते आणि घरातील सगळे स्मार्ट दिवे लख्ख पेटतात; घर खडबडून जागे होते. प्रत्येक दिव्याच्या मांडणीत 'वीज आल्यावर काय करावे' असा पर्याय बहुधा असतो, तिथे 'पूर्वीच्या स्थितीत' हे निवडावे. वीज आल्यावर राउटर उपकरणांना नवे पत्ते वाटतो आणि मग कालपर्यंत नीट चालणारा प्लग पडद्यावर 'अनुपलब्ध' दिसतो. राउटरमध्ये जाऊन त्या उपकरणाचा पत्ता कायमचा राखून ठेवावा. राउटर आणि हा छोटा संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत.

स्वस्तातले बहुतेक प्लग केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिले असेल तर जोडणी करताना उपकरण अडखळते. तेवढ्यापुरती ५ गिगाहर्ट्झची पट्टी बंद करावी. झिग्बी नावाची दुसरी बिनतारी पद्धत वापरत असाल, तर तिचा छोटा ग्राहक संगणकाच्या निळ्या यूएसबी खाचेत थेट खोचू नका. त्या खाचेतून निघणारा गोंगाट नेमका त्याच लहरींवर असतो. एक मीटरची यूएसबी वायर मध्ये टाकली की निम्मी दुखणी जातात, हे ऐकायला विनोदी वाटते, पण खरे आहे. झिग्बीत विजेवर चालणारी उपकरणे संदेश पुढे पोचवतात, बॅटरीवरची पोचवत नाहीत. आजोबांनी सवयीप्रमाणे भिंतीवरचे बटन बंद केले की तो दिवा संदेशवहनातून गळतो आणि स्वयंपाकघरातला संवेदक मुका होतो. येथे आजोबांना दोष देऊ नये. दिवा साधा ठेवून बटनामागे नियंत्रक बसवावा, म्हणजे त्यांचे बटन त्यांच्याकडे राहते.

रास्पबेरी पायमधील मेमरी कार्ड सततच्या नोंदींनी झिजते आणि एखाद्या सकाळी संगणक सुरूच होत नाही. शक्य तर एसएसडी घ्यावी. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर ठेवावा आणि तो उघडण्याची सांकेतिक किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवावी. ज्या संगणकाचा बॅकअप, त्याच संगणकात ती किल्ली ठेवण्यात अर्थ नाही. हाताने लिहिलेल्या मांडणीत एक रिकामी जागा कमी-जास्त झाली तरी सूचना चालत नाहीत. अशा वेळी अंदाज बांधत बसण्यापेक्षा प्रणालीचा 'लॉग', म्हणजे तिची रोजनिशी, आधी वाचावी. बहुतेकदा चूक तिथे ओळ क्रमांकासह लिहिलेली असते. आणि एका वेळी एकच बदल करावा.

बाहेरगावाहून घर पाहायचे असेल तर राउटरचे दार महाजालासाठी सरसकट उघडू नये. २०१६ मध्ये मिराई नावाच्या कीडीने कारखान्यातले मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे ठप्प केली. आपल्याकडे अनेक इंटरनेट पुरवठादार स्वतंत्र पत्ताही देत नाहीत, त्यामुळे तो मार्ग बहुधा बंदच असतो. वायरगार्डच्या पद्धतीने चालणारा सुरक्षित बोगदा घ्यावा.

पाण्याची मोटर हा आपल्या घरांचा जिव्हाळ्याचा विषय. वरच्या टाकीत पाणी कमी झाले की मोटर सुरू व्हावी, भरली की थांबावी. हे करता येते. पण मोटर घरगुती स्मार्ट प्लगवर चालवू नये, सुरू होताना ती फार मोठा प्रवाह खेचते. मध्ये कॉन्टॅक्टर हवा. टाकी भरल्यावर मोटर तोडणारा फ्लोट स्विच थेट वायरीतच असावा, संगणकाच्या भरवशावर नसावा. संगणक झोपला तरी टाकी वाहून जाता कामा नये, आणि खालची टाकी कोरडी असताना मोटर जळता कामा नये.

आणखी एक विषय मला महत्त्वाचा वाटतो. आज अनेक घरांत मुले बंगळूरला किंवा परदेशात आणि आई-वडील गावी दोघेच. काळजीपोटी मुले दिवाणखान्यात कॅमेरा लावून जातात. आई-वडील बोलत नाहीत, पण पदर सावरून, आवाज खाली करून स्वतःच्याच घरात वावरू लागतात. त्याऐवजी स्वयंपाकघराच्या दाराशी हालचाल टिपणारा साधा संवेदक बसवावा. सकाळी आठपर्यंत तिथे कोणी फिरकले नाही तर मुलाच्या भ्रमणध्वनीवर संदेश जातो. चित्र नाही, आवाज नाही, आणि नोंद घरातल्याच संगणकात. तोसुद्धा आई-वडिलांना विचारूनच बसवावा. पंच परिवर्तनात आपण कुटुंब प्रबोधन आणि 'स्व'चा बोध हे दोन्ही विषय घेतले आहेत. मला ते येथे एकत्र आलेले दिसतात.

राहिली गोष्ट वहीची. कोणती वायर कुठे, कोणत्या उपकरणाचा पत्ता काय, पासवर्ड कुठे ठेवला, हे सारे मराठीत लिहून मीटरच्या कपाटात ठेवावे. घरातील किमान दोघांना ते ठाऊक हवे. आमच्याकडे माझ्या पत्नीला माझ्याइतकेच, काही बाबतींत अधिकच, येते. सगळी साधी बटने चालू राहतील अशीच रचना ठेवावी. पाहुण्याला दिवा लावायला प्रशिक्षण लागू नये. तुळशीपुढचा दिवा आम्ही यात घेतलेला नाही.

मागच्या टेबलावर एक जुना लॅपटॉप, दोन दिवे, एक प्लग आणि एक संवेदक मांडून ठेवला आहे. त्याला इंटरनेट जोडलेले नाही. अल्पोपाहाराच्या वेळी ज्यांना पाहायचे आहे त्यांनी अवश्य यावे. फ्लोट स्विच आणि कॉन्टॅक्टरच्या जोडणीची आकृतीही तिथे आहे. ती उतरवून घ्या आणि आपल्या वायरमनला दाखवा.