लोळत जाणारा चिलखती प्राणी

अंगावर चिलखत, आहार केवळ पाल्याचा आणि चालण्याऐवजीं चेंडूसारखें लोळत जाणें, अशा एखाद्या प्राण्याची क्षणभर कल्पना करावी. डच चित्रकार एशर यांनीं १९५१ सालीं याच जातीचा एक कल्पित प्राणी चितारला. तो एरवीं सहा पायांनीं चालतो. वेग हवा असला म्हणजे अंगाची गुंडाळी करून चाकासारखा धावतो.

मग सृष्टीनें असा प्राणी कां घडविला नाहीं? उतारावर गडगडणें फुकटचें असतें. पण चढावर ढकलणार कोण? शिवाय गडगडणाऱ्यास वाट दिसत नाहीं. त्यांतून पाल्यांत सत्त्व थोडें. म्हणून शाकाहारी प्राण्यास पोट मोठें लागतें आणि बराच वेळ चरावें लागतें. मोठ्या पोटाच्या अंगाची गुंडाळी होणें कठीण. दक्षिण अमेरिकेंतील ग्लिप्टोडॉन हा असा चिलखती शाकाहारी प्राणी होता. त्याच्या पाठीवरील हाडांचें कवच इतकें ताठ होतें, कीं त्यास गोळा होतां येत नसे. सुमारें १०,००० वर्षांपूर्वीं तो नामशेष झाला.

कल्पनेच्या अधिक जवळचा जीव पश्चिम घाटाच्या ओल्या रानांत आढळतो. वाणीच्या कुळांतील हा लहानसा किडा कुजका पाला खातो आणि स्पर्श होतांच घट्ट गोळी बनतो. मात्र ही गोळी प्रवासासाठीं नसून संरक्षणासाठीं असते.

आपल्याकडील खवले मांजराचीही तीच रीत. आहार मात्र मुंग्या व वाळवी यांचा. त्याची गुंडाळी झाली म्हणजे बिबट्याचे दांतही बहुधा निरुपयोगी ठरतात. पण माणसापुढें हीच युक्ति घातक होते. कारण पळून न जाणारा हा गोळा उचलून पोत्यांत टाकणें सोपें असतें. त्याचे खवले म्हणजे आपल्या नखांचेंच द्रव्य. त्यांत औषधी गुण असल्याचें सिद्ध झालेलें नाहीं. तरीही त्यांच्यासाठीं त्याचा जीव घेतला जातो.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानें या प्राण्यास संरक्षण दिलें आहे आणि २०१६ सालीं त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचें राष्ट्रांनीं ठरविलें. पण चोरटी शिकार थांबलेली नाहीं. कोणी खवले विकावयास आणले, तर ते न घेतां वनखात्यास तत्काळ कळवावें. जंगलांतील शत्रूंसाठीं त्याचें चिलखत पुरेसें आहे. माणसापासून त्यास माणसानेंच राखावयास हवें.